फुलांच्या वाफ्यात कंपोस्ट: कधी, किती आणि कुठल्या क्रमानं

दसऱ्यासाठी झेंडूची रोपं लावली, बुंध्याशी ओंजळ-ओंजळ कंपोस्ट घातलं आणि पंधरा दिवसांत पानं पिवळी पडली. कोल्हापुरात दर पावसाळ्यात ही तक्रार कानावर येते आणि दोष जातो खताच्या पोत्याला. पोतं खराब असू शकतं, ते कसं ओळखायचं हे खाली दिलं आहे. पण बहुतेक बागांत चूक क्रमाची असते: कच्चं खत, चिखलात, लावणीच्या दिवशी, तेही फक्त खड्ड्यात. यातली एक गोष्ट चुकली तर फुलं कमी येतात. चारही एकदम चुकल्या तर रोप हातचं जातं.

कंपोस्टचं काम माती घडवण्याचं आहे. म्हणून ते लावणीच्या आधी घालावं लागतं, सगळ्या वाफ्यात पसरावं लागतं आणि मातीत एकजीव व्हायला त्याला वेळ द्यावा लागतो. खाली हिशोबासाठी १० फूट लांब आणि ४ फूट रुंद असा एक वाफा धरला आहे. तुमचा लहान-मोठा असेल तर त्या प्रमाणात आकडे बदला.

## टप्पा १: अंगणातली माती ओळखा

आपल्या जिल्ह्यात थोड्या अंतरात माती पार बदलते. पश्चिमेला गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडं जांभ्याची तांबडी माती. पूर्वेला शिरोळ, हातकणंगलेकडं खोल काळी. मधल्या पट्ट्यात तांबूस-तपकिरी ते मध्यम काळी. गगनबावड्याच्या माणसाचा सल्ला शिरोळच्या बागेला लागू पडेलच असं नाही.

काळी माती: चिमूटभर ओली माती अंगठा आणि बोटामध्ये दाबत पुढं सरकवा. लांब, गुळगुळीत पट्टी निघाली तर माती चिकण आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात अन्नद्रव्यं बऱ्यापैकी असतात, हवा कमी असते. इथं कंपोस्टचं पहिलं काम माती मोकळी करणं.

तांबडी माती: पट्टी लगेच तुटते. पाणी झरझर खाली जातं, सोबत अन्नद्रव्यंही घेऊन जातं. इथं कंपोस्टनं ओल धरून ठेवायची असते. एकदम भरपूर घालण्यापेक्षा वर्षातून दोनदा थोडं-थोडं घातलेलं चांगलं.

भरावाची माती: कळंबा, पाचगाव, फुलेवाडीकडच्या नव्या प्लॉटवर घर बांधताना मुरूम आणि बांधकामाचा राडारोडा टाकून जागा सपाट केलेली असते. वर चार बोटं माती, खाली विटांचे तुकडे आणि सिमेंटचा चुरा. सिमेंट-चुन्यामुळं मातीचा पीएच (आम्ल-अल्कलीचं मोजमाप) वाढतो आणि गुलाब, जास्वंदाची पानं पिवळी पडतात. हा राडा आधी उपसून काढावाच लागतो. त्याच्यावर कितीही कंपोस्ट ओतलं तरी मुळं खालच्या थराला जाऊन अडकतात.

बाग मोठी असेल किंवा बोअरचं पाणी मचूळ असेल तर कृषी विभागाच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत नमुना द्या. चार-पाच ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा सात-आठ इंच खोल खड्डा घ्या, कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडा, सगळी एकत्र मिसळून अर्धा किलो सावलीत वाळवून द्या. अहवालात पीएच, ईसी म्हणजे क्षारांचं प्रमाण, आणि सेंद्रिय कर्ब म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्यातून आलेला कार्बन, या तीन ओळी आधी वाचा. कर्ब ०.५ टक्क्याच्या खाली असेल तर मातीला कंपोस्टची भूक आहे. ईसी १ च्या वर असेल तर खत निवडताना फार जपायला हवं.

> सावधान: नमुना कंपोस्ट घालण्याच्या आधी घ्या. खत टाकलेल्या जागेचा नमुना दिला तर अहवाल मातीचा न राहता खताचा येतो.

## टप्पा २: पाणी मुरतंय का ते बघा

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. वाफ्याच्या जागी एक फूट खोल, एक फूट रुंद खड्डा घ्या. पाण्यानं भरा, पूर्ण मुरू द्या. मग पुन्हा भरा आणि घड्याळ लावा. दुसऱ्या वेळी पाणी तासाला एक ते तीन इंच उतरलं तर ठीक. तासाला इंचभरही उतरत नसेल तर वाफा जमिनीच्या पातळीवर करू नका, सहा ते नऊ इंच उंच गादीवाफा करा. कोल्हापूरचा जुलै पाहिलेल्या माणसाला याचं कारण सांगायला नको. निशिगंधाचे कंद आणि शेवंतीची मुळं साचल्या पाण्यात काही दिवसांत कुजतात.

काळी माती मोकळी करायला वाळू घालायचा सल्ला अनेक जण देतात. चार-दोन घमेली वाळू चिकण मातीत मिसळली की काहीही साधत नाही, कित्येकदा माती आणखी घट्ट बसते. तो खर्च कंपोस्टवर करा.

## टप्पा ३: कंपोस्ट पिकलंय का, हे हातानं, नाकानं आणि बियांनी तपासा

सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं, म्हणून इथं थोडं थांबू.

आपल्याकडं कंपोस्ट म्हणून चार तऱ्हेचा माल येतो. गावातल्या उकिरड्याचं शेणखत, घरच्या ओल्या कचऱ्याचं, साखर कारखान्याच्या मळीचं म्हणजे प्रेसमडचं, आणि दुकानातलं पोत्यातलं. पिकलेलं असेल तर चारही चालतात. कच्चं असेल तर एकही चालत नाही.

कच्च्या खतानं नेमकं काय बिघडतं ते समजून घ्या. पालापाचोळा, भुस्सा, उसाचं पाचट यात कर्ब भरपूर आणि नत्र म्हणजे नायट्रोजन कमी. ते मातीत गेलं की कुजवणारे जीवाणू स्वतःच्या वाढीसाठी मातीतलं नत्र ओढून घेतात, रोप उपाशी राहतं आणि खालची पानं पिवळी पडतात. ताज्या शेणात उलट घडतं: अमोनिया सुटतो आणि कोवळी मुळं भाजतात. शिवाय ताज्या शेणातून गाजरगवतासारख्या तणांचं बी येतं, आणि हुमणीचे, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीचे, भुंगेरे अंडी घालायला तिथंच येतात.

नजरेची परीक्षा. रंग गडद तपकिरी ते काळा. कशापासून बनवलं ते ओळखू येता कामा नये. पाचटाची पट्टी, शेणाची गोवरीसारखी चकती, भाजीची देठं सरळ ओळखू येत असतील तर माल परत ढिगात.

हाताची परीक्षा. मूठभर घेऊन घट्ट दाबा. गोळा व्हावा, बोटांतून एखादा थेंब डोकवावा, आणि बोटानं टोचल्यावर गोळा विस्कटावा. पाण्याची धार लागली तर जास्त ओलं. गोळाच झाला नाही तर कोरडं पडलंय, पाणी शिंपडून दोन दिवस बारदानाखाली ठेवा.

उष्णतेची परीक्षा. ढिगात कोपरापर्यंत हात घाला. आत ऊब लागली तर कुजणं अजून चालू आहे. लोखंडी सळई अर्धा तास खुपसून ठेवून बाहेर काढली तरी कळतं.

वासाची परीक्षा. ओलसर खत प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस सावलीत ठेवा. उघडल्यावर पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला तर पिकलेलं. आंबूस किंवा नाक झोंबणारा वास आला तर आणखी महिनाभर तरी वाट पाहा.

बियांची परीक्षा. हिला पर्याय नाही. दोन वाट्या घ्या. एकीत बागेतली साधी माती, दुसरीत निम्मी माती आणि निम्मं कंपोस्ट. दोन्हीत दहा-दहा मेथीचे दाणे पेरा, ओल सारखी ठेवा. आठवड्याभरात कंपोस्टच्या वाटीत निदान आठ रोपं यायला हवीत, हिरवी आणि सरळ. उगवण कमी असेल किंवा टोकं करपली असतील तर खत कच्चं आहे किंवा त्यात क्षार जास्त आहेत. पानं वेडीवाकडी पिळवटलेली दिसली तर तणनाशकाचा अंश असण्याची शक्यता मोठी. उसात तणनाशकं सर्रास मारली जातात आणि तिथलं गवत, चारा फिरून शेणात येतो. असलं खत फुलांना अजिबात घालू नका.

पोत्यातलं खत घेताना छापलेलं लेबल वाचा. केंद्राच्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी कर्ब-नत्र गुणोत्तर २० च्या खाली, पीएच ६.५ ते ७.५ आणि ईसी ४ पेक्षा जास्त नसावा, अशी मोजमापं घातलेली आहेत. लेबलवर हे आकडेच नसतील तर दुसरं पोतं बघा. शिरोळकडच्या क्षारपड जमिनीत आणि मचूळ पाण्याच्या बागेत ईसीचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. मळीच्या खतात कारखान्याचं सांडपाणी मुरवलेलं असेल तर क्षार जास्त असू शकतात, तेव्हा विकणाऱ्याला तसं सरळ विचारा.

निर्माल्याचं खत करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. हार ढिगात टाकण्याआधी दोरा, चमकी, प्लास्टिकची फुलं आणि कापडाचे गोंडे काढा. नंतर चाळताना दोरा खुरप्याला गुंडाळतो आणि चमकीचे तुकडे वर्षानुवर्षं मातीत राहतात.

### चाळा आणि अळ्या वेचा

पिकलेलं खत वाळूच्या चाळणीतून, साधारण अर्ध्या इंचाच्या जाळीतून काढा. वर राहिलेलं जाडंभरडं पुढच्या ढिगात टाका. चाळताना पांढऱ्या, जाड, अर्धगोल वळलेल्या अळ्या मिळतात आणि लोक घाबरून सगळ्यांना हुमणी म्हणतात. एक अळी सपाट फरशीवर ठेवून बघा. पाठीवर उताणी होऊन सरपटू लागली तर ती फुलभुंग्याची, कुजलेल्या मालावर जगणारी, मुळांना अपाय न करणारी. पायांवर रांगायचा प्रयत्न करत कुशीवर वळून पडली तर हुमणी समजा आणि वेचून काढा. वळवाच्या पहिल्या सरींनंतर हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी कडुलिंब आणि बाभळीवर गोळा होतात. त्या दिवसांत खताचा ढीग उघडा ठेवू नका, जाळी किंवा बारदानानं झाका.

> सावधान: कोरडं खत चाळताना धुरळा उडतो, त्यात बुरशीचे कण असतात. आधी हलकं पाणी शिंपडा, तोंडाला रुमाल बांधा, हातमोजे घाला. हाताला जखम असेल तर ते काम दुसऱ्याला द्या.

## टप्पा ४: किती लागेल ते आधीच मोजा

अंदाजानं घातलेलं कंपोस्ट एक तर नावापुरतं पडतं नाही तर दुप्पट. मोजणं सोपं आहे. पहिल्या वर्षी वाफ्यावर दोन इंच थर पुरतो, माती फारच हलकी किंवा फारच चिकण असेल तर तीन इंच (हलक्या तांबड्या मातीत तेच वर्षातून दोनदा विभागून). पुढं दरवर्षी एक इंच.

१० बाय ४ फुटांच्या वाफ्यावर दोन इंचांचा थर म्हणजे साधारण १९० लिटर. आधी तुमच्या घमेल्यात किती पाणी मावतं ते बादलीनं मोजून घ्या. १२ लिटरचं घमेलं असेल तर १६ घमेली. तीन इंचांना २४, एका इंचाला ८. वजनात बघायचं तर ओलसर, चाळलेलं कंपोस्ट लिटरला साधारण अर्धा किलो भरतं, म्हणजे दोन इंचांना शंभर किलोच्या आसपास. ट्रॉलीनं किंवा छोट्या टेम्पोनं घेताना हा हिशोब जवळ असू द्या, नाही तर अंगणात नुसता ढीग उरतो.

सगळ्या फुलांना सारखं नको. गुलाब, शेवंती खादाड, त्यांना पूर्ण मात्रा द्या. झेंडू, गलांडा मध्यम. कॉसमॉस, झिनिया, सदाफुली, चिनी गुलाब यांना इंचभर भरपूर झालं. जास्त दिलं की हिरवागार पाला वाढतो आणि कळ्या उशिरा, थोड्या येतात.

## टप्पा ५: वेळ साधा आणि वाफसा येऊ द्या

आपल्याकडं माती हलवायच्या दोन वेळा आहेत. पहिली मे महिन्यात, वळवाचे एक-दोन पाऊस झाल्यावर, मृग लागायच्या आधी. मृग ७-८ जूनला लागतो, म्हणजे मेच्या शेवटापर्यंत वाफे तयार हवेत. दुसरी वेळ पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर.

दसऱ्याचा झेंडू हवा असेल तर पहिलीच वेळ धरावी लागते. झेंडूची रोपं जुलैअखेर ते ऑगस्टच्या सुरुवातीला लागतात. तेव्हा खणायला गेलात तर चिखलच हाती येईल. वाफा मेमध्ये करून ठेवायचा, मग पावसात एखादी उघडीप मिळाली की फक्त रोप टेकवायचं. थंडीतली शोभेची फुलं, अष्टर, डेलिया, झिनिया यांच्यासाठी दुसरी वेळ.

दिवस ठरवणारी गोष्ट मात्र पंचांग नाही, वाफसा आहे, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी कामाजोगी ओल. चार इंच खालची मूठभर माती घ्या, गोळा करा, कमरेच्या उंचीवरून खाली सोडा. फुटून भुगा झाला तर वाफसा आहे, कामाला लागा. थबकन पडून चपटा झाला तर माती ओली आहे, दोन दिवस थांबा. गोळाच होत नसेल आणि ढेकळं दगडासारखी लागत असतील तर संध्याकाळी भरपूर पाणी सोडा आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा बघा.

काळ्या मातीत हा नियम मोडायचाच नाही. ओली चिकण माती एकदा खणली, तुडवली की तिच्यातल्या हवेच्या पोकळ्या मिटतात आणि वाळल्यावर जी ढेकळं होतात ती पुढचा हंगामभर फुटत नाहीत. कंपोस्टचा फायदा एका दुपारच्या घाईनं जातो.

> तपासा: खणायच्या दिवशी फावड्याच्या पात्याला माती थापून बसतेय का? बसत असेल तर फावडं ठेवून द्या.

पंचगंगेच्या आणि जयंती नाल्याच्या कडेच्या बागांमध्ये २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी गाळाचे थर बसवले. पुन्हा पूर आला तर गाळ ओला असताना त्यावर पाऊल टाकू नका. सुकून तडे गेले की दोन इंचांपेक्षा जास्तीचा थर काढून टाका, उरलेला जुन्या मातीत मिसळा आणि मगच कंपोस्टचा विचार करा. थर तसाच ठेवून वर खत टाकलं तर पाणी त्या सीमेवर अडून बसतं. पुराच्या पाण्यात गटारंही मिसळलेली असतात, म्हणून हातमोज्यांशिवाय हे काम नको.

## टप्पा ६: खणा, पसरा, मिसळा

१. सुतळी आणि चार खुंट्या लावून वाफा आखा. रुंदी चार फुटांपेक्षा जास्त नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी मधोमध हात पोचतो आणि वाफ्यात पाय द्यावा लागत नाही.

२. तण मुळासकट काढा. हरळीच्या मुळ्या आणि लव्हाळ्याच्या गाठी हातानं वेचा. लव्हाळ्याची एक गाठ कंपोस्ट मिळाल्यावर महिन्याभरात जाळं करते.

३. माती आठ-नऊ इंच खणा. कडक थर लागला तर टिकावानं सैल करा, पण खालची माती वर आणू नका. खालची चुनखडी किंवा मुरूम वर आला की चांगली माती खाली गाडली जाते.

४. ढेकळं फोडून वाफा दाताळ्यानं साधारण सपाट करा.

५. मोजलेलं कंपोस्ट घमेल्या-घमेल्यानं वाफ्यावर सारख्या अंतरावर ओता, मग दाताळ्यानं पसरा. थराची जाडी चार ठिकाणी काडी खोचून बघा.

६. फावड्यानं वरच्या सहा ते आठ इंचांत मिसळा. एकदा लांबीनं, एकदा रुंदीनं. काम झाल्यावर वाफ्यात कुठंही खुरपं घातलं तर वरून खालपर्यंत रंग सारखा दिसला पाहिजे. काळा पट्टा वेगळा दिसत असेल तर पुन्हा मिसळा.

७. पाणी मुरत नसेल तर कडेच्या चराची माती वर घेऊन गादीवाफा करा आणि चर उताराला काढून द्या.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे फक्त खड्ड्यात कंपोस्ट भरणं. चिकण मातीत असा खड्डा पाणी धरून ठेवतो, मुळं आतल्या मऊ खतातच गोल फिरत राहतात, बाहेरच्या कडक मातीत शिरत नाहीत. गुलाबाच्या खड्ड्यात द्यायचंच असेल तर खणलेल्या मातीच्या चौथ्या हिश्श्याइतकं कंपोस्ट त्या मातीत मिसळून भरा आणि खड्ड्याच्या कडा खुरप्यानं खरवडून घ्या.

> सावधान: याच दिवशी चुना किंवा चुलीची राख सोबत टाकू नका. चुन्यानं नत्र अमोनिया होऊन उडतं, आणि आपल्या काळ्या मातीचा पीएच मुळातच जास्त असतो. पश्चिमेकडच्या आम्लधर्मी तांबड्या मातीत चुना लागू शकतो, पण तो मातीचा अहवाल बघून आणि कंपोस्टच्या आधी निदान तीन आठवडे.

## टप्पा ७: वाफा मुरू द्या

झारीनं पाणी देऊन वाफा दोन ते तीन आठवडे तसाच सोडा. माती एक-दोन इंच खाली बसेल. हे बसणं लावणीच्या आधी झालं पाहिजे, नाही तर रोपाची मुळं उघडी पडतात.

याच काळात तणांचं बी उगवतं. ते दोन पानांवर आलं की खुरप्यानं वरवर खरवडून टाका, खोल जाऊ नका. असं दोनदा केलं तर पुढच्या हंगामातली निम्मी खुरपणी वाचते.

ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला दाबणारी उपयोगी बुरशी) वापरायचं असेल तर ते इथं सुटं टाकू नका. टप्पा ६ च्या आधीच शंभर किलो ओलसर, पिकलेल्या कंपोस्टला एक किलो या हिशोबानं मिसळून, सावलीत बारदानाखाली आठ-दहा दिवस ठेवून मगच वाफ्यात घ्या. शेवंती आणि झेंडूच्या मररोगाला आळा घालायला त्याची मदत होते. त्याच आठवड्यात बुरशीनाशक ओतलंत तर सगळं फुकट.

## टप्पा ८: लावणी

ढगाळ दिवस किंवा संध्याकाळ निवडा. रोप पिशवीत होतं तेवढ्याच खोलीवर लावा. कलमी गुलाबाचा डोळा भरलेला जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. फळीवर उभं राहून किंवा वाफ्याच्या बाहेरून काम करा. मऊ केलेल्या मातीवर पाय दिला की दोन महिन्यांचं काम तुम्हीच दाबून टाकता.

लावताना खड्ड्यात पुन्हा कंपोस्ट नको. वाफ्यात जे आहे ते पुरेसं आहे.

## टप्पा ९: आच्छादन, आणि पहिले दोन महिने

उघड्या वाफ्यावर जुलैच्या सरी आदळल्या की वरचं हलकं कंपोस्ट वाहून गटारात जातं. यासाठी लावणीनंतर लगेच दोन इंच आच्छादन करा. आपल्याकडं उसाचं पाचट मिळण्याची अडचण नाही. वीत-वीतभर तुकडे करून पसरा. हेच पाचट मातीत मिसळलं असतं तर नत्र ओढलं असतं, वर राहिलं की माती झाकतं आणि सावकाश कुजतं. बुंध्यापासून तीन-चार इंच जागा मोकळी ठेवा. बुंध्याला चिकटलेलं ओलं पाचट किंवा खत खोड कुजवतं, आणि गोगलगायींना लपायला जागा देतं.

कंपोस्टनं सगळं भागेल असं मात्र समजू नका. त्यात नत्र साधारण एक टक्क्याच्या आसपास असतं आणि पहिल्या वर्षी त्यातलं थोडंच झाडाला मिळतं. झेंडूला, शेवंतीला कळ्या धरायच्या आधी रोपामागं मूठभर निंबोळी पेंड मातीत खुरपून द्या. दुकानदार सांगेल म्हणून त्याच वेळी युरिया, गांडूळखत आणि जीवामृत एकदम ओतायची गरज नाही. मग कशानं काय झालं ते तुम्हालाही कळणार नाही.

पानं पिवळी पडली तर आधी कुठली पडली ते बघा:

- खालची, जुनी पानं सरसकट पिवळी: नत्र कमी पडतंय, बहुतेक कच्च्या खतामुळं. पाण्यात भिजवलेली शेंगदाणा पेंड गाळून, भरपूर पातळ करून आठवड्याच्या अंतरानं दोनदा द्या.
- शेंड्याची पानं पिवळी, शिरा हिरव्या: लोहाची कमतरता. चुनखडीच्या काळ्या मातीत आणि राडारोड्यावरच्या बागांत हे नेहमीचं. आणखी कंपोस्ट ओतून लगेच फरक पडणार नाही. चिलेटेड लोहाची फवारणी करा.
- पानांच्या कडा करपल्या: क्षार. खत थांबवा आणि निचरा असेल तर दोन-तीनदा भरपूर गोडं पाणी सोडून क्षार खाली जाऊ द्या.
- सगळं रोप मलूल, माती ओली: पाणी साचलंय. चर उघडा, आच्छादन बाजूला करा.

## कुंड्यांसाठी

नुसत्या कंपोस्टमध्ये रोप लावू नका. ते काही महिन्यांत निम्मं बसतं आणि चिकट होतं. दोन भाग माती, एक भाग कंपोस्ट, एक भाग भाताचं तूस किंवा जाड वाळू. आजरा-चंदगडकडच्या भात गिरण्यांवर तूस मिळतं, ते शहरातल्या कोकोपीटपेक्षा स्वस्त पडतं. काळी माती असेल तर तुसाचा भाग दीडपट करा. दरवर्षी वरची दोन इंच माती काढून तेवढं ताजं मिश्रण भरा.

## आधीपासून लावलेल्या झाडांना

उभ्या झाडाभोवती खोल खणू नका, मुळं तुटतात. फांद्यांचा घेर जमिनीवर जिथं संपतो तिथून आत, बुंध्यापासून वीतभर दूर, इंचभर कंपोस्ट पसरा, बोटभर खोल खुरपून मिसळा आणि वर पाचट टाका. गुलाबाला हे ऑक्टोबरच्या छाटणीनंतर, मोगऱ्याला डिसेंबरच्या छाटणीनंतर. जास्वंद आणि अबोलीला पाऊस थांबल्यावर एकदा आणि मेअखेर एकदा. कुंपणाकडेच्या झाडांना द्यायचं विसरू नका. अंगणातलं सगळं झाडलोट तिकडं जातं म्हणून त्यांना पोषण मिळतंच असं लोक धरून चालतात, आणि नेमकी तीच आधी खंगतात.

पुढच्या मे महिन्यात वाफा पुन्हा पूर्ण खणायचा नाही. पाचट बाजूला सारा, आठ घमेली कंपोस्ट पसरा, दाताळ्यानं वरच्या तीन इंचांत मिसळा, पाचट परत ओढून घ्या. ओल्या जागी खुरपं घालून माती उलटली की गांडुळं दिसायला हवीत. तिसऱ्या वर्षीही दिसली नाहीत तर टप्पा २ चा खड्डा पुन्हा घेऊन पाणी मोजा.